बाहेरून फिरणारी मोटर

तमाम वर्धेकरांस, विशेषतः पिपरी मेघेच्या रहिवाशांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या घरचा कूलर गच्चीवरच्या ताडपत्रीतून बाहेर काढण्यात आला. समारंभाच्या अध्यक्षस्थानी माझी बायको अर्चना होती. सदर कूलरात पालींचं एक सुखी कुटुंब, गेल्या वर्षीचं अर्धं वर्तमानपत्र आणि आठ महिने हरवलेला माझा दहा नंबरचा पाना सापडला. सबब उन्हाळा अधिकृतपणे सुरू झाला असून, कोणाची काही हरकत असल्यास तिचा विचार पाऊस पडल्यावर करण्यात येईल.

आमच्याकडे ऋतू असेच बदलतात. कॅलेंडरावर काय लिहिलंय ते कोणी पाहत नाही. गल्लीतल्या तीन घरांसमोर कूलर धुवायला निघाले, की स्वेटर आपोआप ट्रंकेत जातात. कूलरच्या जाळीत नवं गवत भरायचं, त्यावर पहिलं पाणी सोडायचं आणि मग तो वास. कोरडं गवत ओलं होताना येणारा, थोडा तबेल्यासारखा, थोडा जंगलासारखा. तो वास नाकात गेला की मी पंधरा वर्षांनी लहान होतो. निदान मला तसं वाटतं. अर्चनाचं मत वेगळं आहे.

तर कूलर उतरला, गवत भरलं, बटण दाबलं, आणि पाण्याचा पंप गुं गुं करत बसला. दरवर्षीचंच आहे. मी तो पंप पिशवीत टाकला आणि पिपरी मेघेला सुधाकरभाऊंच्या दुकानी गेलो. मोटर भरायचं दुकान. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून तिला पुन्हा जिवंत करायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, पंखे, कूलर, मिक्सर, सगळे आजारी तिथे येतात. पायरीवर पाय ठेवला की वार्निशचा गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. भरलेल्या मोटरी वार्निशमध्ये बुडवून दुकानाच्या टिनावर वाळत घातलेल्या असतात. एप्रिलात त्या टिनावर पापडही भाजता येतील.

समोरच्या टेबलाशी सुधाकरभाऊंच्या पत्नी मंदावहिनी बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात एका मोटरीचं पोट. सुधाकरभाऊ मागे शेंगदाणे खात बसले होते. आता मंदावहिनी समोर बसल्या होत्या, यात तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. ते वाटावं, एवढ्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो आहे.

ते साल दोन हजार सात असावं, किंवा आठ. नक्की आठवत नाही. तेव्हाचा कूलर मात्र आठवतो, हिरव्या रंगाचा, उजवीकडे कललेला. आमचं घराणं किराण्याचं. वडिलांनी आयुष्यभर तुरीची डाळ विकली. मी डाळीत रमलो नाही, स्टेशनच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान टाकलं. मार्च-एप्रिलात माझ्या दुकानाला जत्रेचं रूप यायचं. परीक्षा तोंडावर, पोरं रांगेत, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच कोणाची तरी वही. सेवाग्रामची डॉक्टरकीची मुलंमुली यायची. माणसाचं यकृत मी एकशे एकेचाळीस टक्के मोठं करून पाहिलेलं आहे. मशीनमधून निघालेला कागद तव्यावरच्या भाकरीसारखा गरम असायचा आणि पोरं तो छातीशी धरून पळायची, जणू आतला मजकूर उष्णतेनंच डोक्यात शिरणार आहे.

त्या वर्षी ऐन परीक्षेत माझं मशीन गेलं. वयोमानानुसार गेलं, कोणाचा दोष नव्हता. नवं आणलं आणि जुन्याचे अंत्यसंस्कार करायचे म्हणून ते खोललं. आत एक मोटर सापडली. वाटीएवढी. मी बोटानं फिरवली आणि थबकलो. मी आजवर पाहिलेल्या मोटरींचं अंग स्थिर असायचं आणि आतला दांडा फिरायचा. हिचं उलटं. आतलं तारांचं फूल जागच्या जागी आणि बाहेरची लोहचुंबकाची वाटी त्याच्याभोवती गरगर. घासत राहणारे कार्बनचे तुकडे नाहीत, ठिणगी नाही. मी ती टेबलावर ठेवून दिवसभर फिरवत बसलो. गिऱ्हाइकं दोनदा परत गेली.

याच सुमारास माझा साळा मनोज, सासरच्या सगळ्या मंडळींसकट, नागपूरहून आला. मनोजला सगळं आधी कळतं आणि ते तो सगळ्यांना नंतर सांगतो. त्यानं रिमोटवर चालणारा एक ट्रक आणला होता, हातभर लांब, चारही चाकांना काटेरी रबरी टायर, खाली स्प्रिंगा. कोणीतरी परदेशातून आणून दिला होता. मला वाटलं आता हा अंगणात सुसाट सुटणार. पण मनोजनं आमच्या अंगणातल्या विटांच्या ढिगापाशी तो ठेवला आणि तो ट्रक वीट चढायला लागला. एक चाक वर, मग विचार, मग दुसरं चाक. एखादे वयस्क गृहस्थ देवळाच्या पायऱ्या चढतात तसा. हे ट्रेल ट्रक म्हणजे शर्यतीच्या गाड्या नव्हेत, त्यानं समजावलं. दगडधोंडे, नाल्याची कड, मुरमाची चढण यांवरून न थांबता, न उलटता, मुंगीच्या चालीनं जायचं. जो हळू आणि सरळ गेला तो जिंकला.

मी त्या क्षणी त्या गोष्टीच्या प्रेमात पडलो. आयुष्यभर सगळ्यांनी मला हळू आहे म्हणून नावं ठेवली होती, आणि इथे हळू जाण्याला बक्षीस होतं.

मनोजनं त्याच्या जुन्या ट्रकचा सांगाडा बरोबर आणला होता, मोटर जळालेला. तो त्यानं मला दान केला. म्हणाला, "जवाईबापू, हे ठेवा तुमच्या दुकानात. शोभेले कामी येईन."

मी सांगितलं की यात मी झेरॉक्सवाली मोटर बसवणार. तो हसला. बाहेरून फिरणाऱ्या मोटरी विमानांना लावतात, ट्रकात लावल्या तर झटके खातात, हळू चालतच नाहीत, असं त्यानं सबंध सासरच्या देखत ऐकवलं. आता सासरच्या देखत माणसानं काय करावं. मी जाहीर केलं की याच मोटरीवर मी आंजी गावची बरडी चढून दाखवीन. बरडी म्हणजे सुधाकरभाऊंच्या थोरल्या भावाच्या शेताला लागून असलेला मुरमाचा उंचवटा. तिच्यावर बकऱ्यासुद्धा तक्रार करत चढतात.

मोटर तशीच चालणार नव्हती. तिच्यातली तार झेरॉक्सच्या हिशेबानं भरलेली, आमच्या छोट्या बॅटरीला ती दाद देईना. ती नव्यानं भरायला हवी होती, आणि मोटर भरायची तर वर्धा तालुक्यात एकच नाव होतं. आंजीपासून सेवाग्रामपर्यंत शेतकरी सांगायचे, सुधाकरच्या हातची मोटर जळत नाही. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत वीज अर्धमेली येते आणि पंप भराभर जळतात, तेव्हा त्यांच्या दुकानासमोर मोटरींची रांग लागायची. सुधाकरभाऊ मोटर तपासायचे, दोन प्रश्न विचारायचे, आणि मग ती घेऊन मागच्या पडद्याआड जायचे. पडद्यावर पाटी लटकायची: 'वाइंडिंग सुरू आहे. बोलू नये.' बाहेर बाकावर बसलेले शेतकरी खरोखर बोलायचे नाहीत. तंबाखू मळायची तीही आवाज न करता. तासाभरानं भाऊ कपाळ पुसत बाहेर यायचे.

मी झेरॉक्सच्या मोटरीचं ते आतलं दातेरी फूल घेऊन गेलो, तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. पाटी मी वाचली, पण मी घरचा माणूस. पडदा बाजूला केला.

आत सुधाकरभाऊ स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते, एकेक, दातांचा आवाज होऊ न देता. आणि जमिनीवर, मांडीत पंपाची मोटर घेऊन, मंदावहिनी तार भरत होत्या. उजव्या हातात तार, डाव्या बाजूला दोन वाट्या. दर दहा वेढ्यांनंतर एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत पडे. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, चौकातला पोलीस करतो तसा, आणि मी होतो तिथेच उभा राहिलो. असे सात चिंचोके पडले. मग त्यांनी गाठ बांधली आणि मान वर केली.

"पाह्यलं तं पाह्यलं, भाऊजी. कोनाले सांगू नोका," त्या म्हणाल्या. "लोक ह्यायच्या नावानं मोटर आनतात. बाईनं भरली म्हनून समजलं तं उद्या दुसरीकडं नेतीन."

गोष्ट अशी होती. चार वर्षांपूर्वी विहिरीत पंप सोडताना साखळी सटकली आणि भाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. बोटं राहिली, पण त्यांतली जाणीव गेली. मोटर भरणाऱ्याला डोळे नसले तरी एक वेळ चालेल, बोटाला तारेचा ताण कळला पाहिजे. सैल राहिली तर हलून घासते, फार ओढली तर वरचा लेप तडकतो. वहिनी लग्न होऊन आल्यापासून खाचांत बसवायचे कागद कापत, गाठी बांधत आल्या होत्या. त्यांनी एक दिवस न विचारता तार हातात घेतली. चार वर्षांत तालुक्यात न जळालेल्या सगळ्या मोटरी त्यांच्या हातच्या. भाऊ रोज पडद्याआड जाऊन बसत. फसवणूक नाही, ते मला म्हणाले, तिच्या बाजूला बसतो, माझा जीव तर तिथंच असतो. हे म्हणताना त्यांनी मला मूठभर शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले आणि गप्प राहायला बांधला गेलो.

आता मी गप्प राहणं किती अवघड आहे हे मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा.

माझ्या मोटरीचे दात करंगळीच्या नखाएवढे. नऊ दात, मधल्या खाचांतून बोट जाईना. वहिनींनी क्रोशाची सुई आणली, ज्या सुईनं त्यांनी घरातल्या टीव्हीपासून फ्रिजपर्यंत प्रत्येक वस्तूला झालर विणली होती. त्या सुईनं त्या तार खाचेतून ओढून घेत, दाताभोवती वळवत, शेजारच्या वेढ्याला चिकटवून बसवत. मी जवळ बसून पाहायचो. इतकी नेटकी ओळ मी फक्त शाळेत पाहिली होती, आणि ती माझ्या वहीत नव्हती. कामाच्या वेळी त्या ओठही हलवत नसत. हिशेब चिंचोक्यांकडे. या वेळी दर वेढ्याला एक.

मोटर भरली, वार्निश केली, टिनावर वाळवली. मी ती घरी नेली, चुंबकाची चकचकीत वाटी बसवली आणि ट्रकात लावली. आणि इथे, माझ्या दुर्दैवी हातानं, मी ती घट्ट बसावी म्हणून कूलरच्या पाइपाला लावतात तसली लोखंडी पट्टी तिच्या पोटाभोवती आवळली. चांगली पक्की. वर आणखी एक वेढा स्क्रूड्रायव्हरनं. आजवर पाहिलेल्या मोटरी मी पोटालाच बांधलेल्या पाहिल्या होत्या. बटण दाबलं. मोटर गुं गुं करू लागली. मी जोर वाढवला. मग धूर आला आणि वार्निशचा तो गोडसर वास, पण या वेळी जळका.

मी काळंठिक्कर पडलेलं ते फूल वहिनींपुढे ठेवलं.  त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि बाजूला ठेवलं. सुधाकरभाऊंनी मला डोळ्यांनी जायला सांगितलं. दोन दिवस वहिनी एकेक वेढा उलगडत बसल्या होत्या, असं मला नंतर कळलं. आपलं कुठं चुकलं, कुठला वेढा सैल राहिला, कुठे लेप तडकला, हे शोधत. त्यांची मोटर कधी जळली नव्हती. त्यांच्याजवळ पाटी नव्हती, नाव नव्हतं, एवढी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या हातून जळाली होती. त्या दोन दिवसांत आलेल्या पंपांना त्यांनी हात लावला नाही. बाहेर बाकावर तिघं ताटकळत होते. भाऊ सांगत होते, तार यायची आहे नागपूरहून.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी मला सगळा ट्रक घेऊन बोलावलं. भारनियमनाची वेळ. वीज नव्हती. आम्ही तिघं पडद्याआड घामाच्या धारांत बसलो होतो. त्यांनी ट्रक मांडीवर घेतला, माझी पट्टी पाहिली, हात लावून पाहिला. तेवढ्यात वीज आली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत, आळस देत फिरायला लागला. वहिनींनी वर पाहिलं. पुन्हा खाली, माझ्या पट्टीकडे. पुन्हा वर. पंखा असतो दांड्याला टांगलेला. त्याचं तारांचं फूल आत मुक्यानं बसतं आणि बाहेरचं अंग पात्यांसकट फिरतं. मी जन्मापासून त्या मोटरीखाली झोपत आलो होतो आणि मला ती कधी दिसली नव्हती.

वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुमच्या घरी पंख्याचे पाते बांधून वारा घेता का, भाऊजी?"

सुधाकरभाऊंना आधी कळेना, मग कळलं आणि तेही हसले, मग आम्ही तिघंही, आणि बाहेर बाकावरचे शेतकरी पाटी वाचत चक्रावले असतील. पण मी सांगतो, त्या हसण्यात मोटरीपेक्षा मोठं काहीतरी सुटलं. दोन दिवस त्यांच्या खांद्यांवर जे बसलं होतं ते उठून गेलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन पंप भरून टाकले.

मग त्यांनी माझी मोटर पुन्हा घेतली. पहिल्यांदा भरली ती मी विमानाच्या हिशेबानं सांगितली तशी होती, जाड तार आणि थोडे वेढे. मिक्सर तसाच भरतात, त्या म्हणाल्या, भुर्रकन पळायला. संथ फिरायचं असेल तर तार बारीक हवी आणि वेढे जास्त. मग चाल कमी आणि थोड्या विजेत जोर पुरतो. किती जास्त, ते त्यांनी मला सांगितलं नाही. भाऊंनाही माहीत नव्हतं, ते त्या वेळी शेंगदाणे सोलत होते. मी विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही पट्टी सांभाळा.

भाऊंनीही आपला वाटा उचलला. मोटरीच्या दांड्यावरचं दातेरी चाक त्यांनी बदललं, लहान बसवलं, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी होईल. डाव्या हातानं आणि उजव्याच्या धड तीन बोटांनी कानशीनं घासत त्यांनी ते तयार केलं. त्याला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत ते एकदाही पडद्याआड गेले नाहीत. समोर टेबलाशी बसून, सगळ्यांच्या देखत काम करत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

नवी मोटर पोटाला न बांधता, बुडाच्या स्थिर बैठकीवर बसवली तेव्हा ट्रक सुरू होताना एकदा अंग झटकायचा, नुकता उठलेला बैल झटकतो तसा, आणि मग चालू लागायचा. काय ती चाल. मी त्याला दुकानाच्या पायऱ्यांवर चढवला, सिमेंटच्या पोत्यांवरून नेला, अर्चनाच्या गव्हाच्या कोठीवरून उतरवला. त्यानंतर काही दिवस मला जेवण स्वतः वाढून घ्यावं लागलं. पण खरं सांगतो, हळू जाणारी वस्तू पाहत बसण्यात जी श्रीमंती आहे ती दुसऱ्या कशात नाही. धावणारी गाडी दिसते तोवर गेलेली असते. हिचं प्रत्येक चाक दगडाशी बोलतं. दगड नाही म्हणतो, चाक थांबतं, पुन्हा विचारतं. वर्ध्याच्या उन्हात माणसंही अशीच चालतात, सावलीपासून सावलीपर्यंत. माझ्या गावाची चाल या ट्रकला बसली होती, आणि ती एका बाईच्या बोटांतून आली होती, हे ठाऊक असूनही मला ओरडून सांगता येत नव्हतं.

एका रविवारी सकाळी आम्ही आंजीला गेलो. मनोज नागपूरहून आला, काळा चष्मा लावून. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या शेतात अजून उभ्या होत्या. कापसाच्या गाड्या जाऊन महिने झाले तरी रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकत होते. बरडीखाली निंबाच्या सावलीत गावातली वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यांतल्या बहुतेकांचे पंप सुधाकरभाऊंच्या हातचे, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. नामदेवबुवा म्हणून एक वयस्क शेतकरी होते. त्यांनी माझा ट्रक उलटा करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "काऊन सुधाकर, याले वखर लावता येते का?"

नियम मनोजनं सांगितले. गाडी उचलायची नाही, ढकलायची नाही, जागची हलवायची नाही. बिघडली तर जिथे आहे तिथेच दुरुस्त करायची. आधी त्याचा ट्रक गेला, आणि झकास गेला, मी खोटं बोलणार नाही. पण त्याची घासणाऱ्या कार्बनची मोटर, वरून एप्रिलचं ऊन. शेवटच्या मोठ्या दगडापाशी ती तापली, वास मारू लागली आणि बसली. मनोजनं तिला रुमालानं वारा घातला. उपयोग झाला नाही.

मग आमचा. अंग झटकलं, निघाला. मुरूम घसरत होता, चाकं धरत होती. मी रिमोटवर घाम गाळत होतो. निम्म्यावर गेला आणि थांबला. मी जोर वाढवला. गुं गुं. तो आवाज मी ओळखला आणि हात काढून घेतला. वाकून पाहिलं. वाऱ्यानं उडालेला कापूस चाकाखालून आत ओढला गेला होता आणि त्या बाहेरून फिरणाऱ्या वाटीभोवती सूत कातल्यासारखा गुंडाळला गेला होता. बाहेरून फिरायचं तर जगातली सगळी धूळ, सगळा कापूस आपल्या अंगाला लागणार, हे विमानवाल्यांना ठाऊक नव्हतं. वाटी आणि आतल्या तारा यांच्यामध्ये केसाएवढी फट. चिमटा घातला तर तारेचा लेप जाणार. सुधाकरभाऊ पुढे आले, वाकले, बोटं आत घातली आणि ती दोन बोटं त्यांना काहीच सांगेनात. ते तसेच थांबले. वीस-पंचवीस माणसं पाहत होती. मनोज घड्याळ पाहत होता.

निंबाखालून वहिनी उठल्या. भाकऱ्यांचं फडकं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि चढण चढून आल्या. केसांतून क्रोशाची सुई काढली. मुरमात गुडघे टेकून, ट्रक जागचा न हलवता, त्यांनी तो कापूस तारेला धक्का न लावता एकेका ओढीनं बाहेर काढला.  पाटी लावलेली नसतानाही कोणी बोललं नाही.

शेवट सांगण्याआधी पुढचं सांगून टाकतो, कारण एक वाक्य मला सगळ्यांत शेवटी हवं आहे. त्या दिवसानंतर दोन शेतकऱ्यांनी आपल्या मोटरी दुसरीकडे नेल्या. पुढच्या गव्हाच्या हंगामात दोघंही परत आले, खाली मान घालून. वहिनींनी त्यांच्या मोटरी भरल्या, पण त्यांना बाकावर जरा जास्त वेळ बसवलं. पडदा निघाला आणि त्याच्या पिशव्या झाल्या. मघाशी माझा कूलरचा पंप ज्या पिशवीत होता ती त्यांपैकीच एक. ट्रक अजून माझ्या दुकानात आहे, काचेच्या कपाटात. मनोज आला की त्याच्याकडे पाठ करून बसतो.

तर कापूस निघाला. मी बटण दाबलं. ट्रकनं अंग झटकलं आणि चढला. मोठ्या दगडापाशी पुढचं चाक टेकलं, थांबलं, विचारलं, आणि वर. माथ्यावर जाऊन तो उभा राहिला आणि नामदेवबुवांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाच ठाऊक, ऊन तर वाढतच होतं.

मनोज खाली मान घालून बराच वेळ मोटर पाहत होता. तो चिडवणारा असला तरी कामाची किंमत जाणणारा आहे. मग तो सरळ सुधाकरभाऊंकडे वळला, सगळ्यांच्या समोर. म्हणाला, "सुधाकरभाऊ, मानलं तुम्हाले. पन एक सांगा, एकेका दातावर किती वेढे भरले?"

सुधाकरभाऊंनी तोंड उघडलं. कुठलाही आकडा चालला असता. दहा म्हटलं असतं, पन्नास म्हटलं असतं, तिथे मोजायला कोण होतं. मी मनात आकडे फेकत होतो, त्यांनी एखादा झेलावा म्हणून. पण त्यांनी आपल्या त्या दोन बोटांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. आंजीचे सगळे पंपवाले त्यांच्या उत्तराची वाट पाहत उभे होते. वहिनी अजून गुडघ्यांवरच होत्या, सुईला लागलेला कापूस काढत. त्यांनी मान वर केली नाही. आवाज मात्र निंबापर्यंत गेला.

"त्यायले काय पुसता? बावीस हायेत. मोजले तं म्या."